तोफांचा हिशेब झाला, स्ट्रेचरचे काय?

प्रजासत्ताकदिनाचे संचलन पाहताना आपली छाती फुगते. क्षेपणास्त्र किती किलोमीटर जाते, रणगाडा किती टनांचा, विमान कोणत्या देशाचे, हे हल्ली चहाच्या टपरीवरचे पोरही तोंडपाठ सांगते. पण त्या रणगाड्यातल्या माणसाला गोळी लागली तर त्याला बाहेर कोण काढणार, कशावरून नेणार, किती वेळात नेणार आणि तोवर त्याचे रक्त कोण थांबवणार? हा प्रश्न टपरीवर सोडाच, विधिमंडळात आणि संसदेत तरी कितीदा विचारला जातो? शस्त्राच्या किमतीवर आपल्याकडे रणे माजतात; स्ट्रेचरवर मात्र कोणी ब्र काढत नाही. शस्त्र मिरवता येते, स्ट्रेचर मिरवता येत नाही, एवढेच त्याचे कारण.

हा विषय आपल्या भागातल्या वाचकाने परका मानू नये. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि शतकभर इथल्या मातीतून रंगरूट घडत आले आहेत. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा या पट्ट्यात माजी सैनिक नाही असे गाव शोधावे लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीला तर लोक 'सैनिक टाकळी' म्हणूनच ओळखतात. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्या घराला क्षेपणास्त्राच्या पल्ल्यापेक्षा जखमी माणसाला दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो हे कळण्याची गरज अधिक आहे. आणि माझे म्हणणे असे, की पुढच्या युद्धाच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर आजवरच्या उत्तरापेक्षा फार वेगळे असणार आहे. आपण त्याची तयारी आज केली नाही, तर उद्या मरू नयेत अशी माणसे मरतील.

आधी मागचे पाहू. १९१५ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाऊनशेंड बगदादकडे निघाले. त्यांच्या हाताखालच्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते आणि तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबरात टेसिफॉनला लढाई झाली. साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. सैन्याकडे तोफा होत्या, नदीत बोटी होत्या. पण जखमींना नेण्यासाठी नदीत चालणारे एकही धड इस्पितळ-जहाज नव्हते. मांड्या मोडलेली माणसे स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून वाळवंट तुडवत नदीपर्यंत आणली गेली. तिथून त्यांना बोटींवर रचण्यात आले आणि कित्येक दिवसांनी त्या बोटी बसऱ्याला लागल्या. त्यांतली 'मेजिदिये' धक्क्याकडे येताना मेजर कार्टर या डॉक्टराने पाहिली. लांबून त्याला वाटले, बाजूंना दोरखंड लोंबत आहेत. जवळ आल्यावर कळले, की ती विष्ठा होती. उठता न येणाऱ्या माणसांची, डेकवरून ओघळून वाळलेली.

कार्टरने तक्रार केली. तेव्हा वरिष्ठांनी त्याचे आभार मानले नाहीत. जहाजावरची नेमणूक काढून घेण्याची धमकी दिली. बाहेर सगळे आलबेल असल्याच्या तारा जात राहिल्या. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ साली त्याचा अहवाल आला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. दरम्यान कुत-एल-अमाराच्या वेढ्यात उरलेली पूना डिव्हिजन अडकली. एप्रिल १९१६ च्या अखेरीस शरणागती पत्करेपर्यंत भाजीपाल्याविना शेकडो हिंदी शिपाई स्कर्व्हीने खचले होते. गोळी न लागता!

आज कोणी म्हणेल, ती गोऱ्या साहेबाची बेपर्वाई. आपले लष्कर तसे नाही. मान्य. आपल्या लष्करी डॉक्टरांची परंपरा उज्ज्वलच आहे. १९५१ च्या मार्चमध्ये कोरियात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्समधली माणसे छत्रीने उतरून जखमींपर्यंत पोहोचली होती. १९६२ च्या चीनयुद्धात सपाटीवरची पोरे विमानात घालून थेट हिमालयावर सोडण्यात आली आणि पातळ हवेने फुप्फुसात पाणी होऊन अनेक दगावली. त्या अनुभवानंतर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी या आजाराचा असा अभ्यास केला, की 'लॅन्सेट'ने तो १९६५ साली छापला. १९६९ साली त्यांनीच १,९२५ जवानांची पाहणी जगापुढे ठेवली. आज जगातला कोणताही गिर्यारोहक टप्प्याटप्प्याने उंची गाठतो, त्या शहाणपणात आपल्या जवानांच्या श्वासांचा वाटा आहे.

पण या अभिमानाच्या कथेतच माझी तक्रार दडलेली आहे. ज्ञान आले ते १९६२ नंतर. खडकीची क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट, जिथे अपंग सैनिकांना हुन्नर शिकवतात, निघाली १९१७ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले १९४४ साली, दुसरे महायुद्ध संपत आलेले असताना. खडकीचेच पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे, बांगलादेशाच्या युद्धानंतरचे. तिन्ही संस्था थोर आहेत. पण त्यांच्या जन्मसालांवरून बोट फिरवा: दरवेळी आधी माणसे लुळी झाली, मग आपण जागे झालो. वरातीमागून घोडे म्हणतात ते याला.

आता पुढचे पाहू.

गेली वीस-पंचवीस वर्षे लष्करी वैद्यकाचा सारा डोलारा एका तासावर उभा आहे. जखमीला पहिल्या तासात शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणा, तो जगेल. २००९ साली अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी अफगाणिस्तानात हा एका तासाचा दंडकच घातला. जखमींच्या वाहतुकीला लागणारा मध्यम वेळ नव्वद मिनिटांवरून त्रेचाळीस मिनिटांवर आला आणि मृत्यूही घटले. सगळ्या जगाने त्याचे गोडवे गायले. पण तो तास कोणामुळे मिळत होता? आकाश अमेरिकेचे होते म्हणून. तालिबानकडे विमाने नव्हती, रडार नव्हते, ड्रोनचे थवे नव्हते. हेलिकॉप्टर बिनधास्त उतरत होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने आक्रमण केले आणि तो तास संपला. आघाडीच्या वर दिवसरात्र ड्रोन घोंगावतात. हेलिकॉप्टर सोडाच, साधी गाडी हलली तरी तिच्यावर झडप पडते. रेड क्रॉसची खूण लक्ष्य ओळखायला सोयीची ठरते. जखमी माणूस खंदकात तास न् तास, कधी कधी दिवस काढतो. रक्त थांबवायला मांडीवर आवळलेला पट्टा, म्हणजे टूर्निकेट, जीव वाचवतो खरा. पण दोन तासांसाठी बांधलेला पट्टा दहा तास तसाच राहिला, की पाय जातो. असे कितीतरी पाय गेले. इस्पितळे जमिनीखाली नेऊन बांधावी लागली. जखमांत अशा जंतूंनी घर केले, की ज्यांच्यावर नावाजलेली प्रतिजैविकेही चालत नाहीत. चाकांचे यंत्रमानव पाठवून जखमींना ओढून आणण्याची वेळ आली. हे विज्ञानकथेतले वर्णन नव्हे, वर्तमानपत्रातले आहे.

ते दूरच्या देशाचे झाले, असे म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत सीमेवर ड्रोनचे थवे आपणही पाहिले. आणि गलवान? १५ जून २०२० च्या रात्री आपले वीस जवान गेले. दुसऱ्या दिवशी लष्कराने स्वतःच सांगितले, की त्यांपैकी सतरा जण गंभीर जखमी झाले होते आणि त्या उंचीवर शून्याखालच्या थंडीत सापडून त्यांनी प्राण सोडले. त्या रात्री तिथे जे होते त्यांनी शर्थ केलीच असणार. खाली बसून त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. पण सतरा हा आकडा आपल्याला एक गोष्ट बजावतो. ड्रोन नसतानाही डोंगर, रात्र आणि थंडी मिळून तो सोन्याचा तास हिरावून घेतात. आपल्या सीमेवर तो कधी हक्काचा नव्हताच.

मग करायचे काय? इथे आपल्याकडचा सुशिक्षित माणूस ठरलेले उत्तर देतो: आणखी मोठी इस्पितळे बांधा, परदेशी यंत्रे आणा. हे उत्तर चुकीच्या जागी खर्च करते. अमेरिकेने २००१ ते २०११ या काळातले आपले ४,५९६ युद्धमृत्यू एकेक करून तपासले. त्यांतले सत्त्याऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू इस्पितळाचे तोंड दिसण्यापूर्वीच झाले होते. त्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश माणसे वाचण्याजोगी होती, आणि अशा वाचण्याजोग्यांतली दहापैकी नऊ केवळ रक्तस्रावाने गेली. थोडक्यात, लढाईतला जीव शस्त्रक्रियागृहात जाण्याआधीच, चिखलात, पहिल्या काही मिनिटांत जातो. तिथे डॉक्टर नसतो; शेजारचा शिपाई असतो.

म्हणून पहिली मागणी अशी, की प्रत्येक शिपाई हाच पहिला वैद्य झाला पाहिजे. तोंडी लावण्यापुरता प्रथमोपचाराचा तास नको. रंगरूटाची जशी नेमबाजीची परीक्षा होते, तशीच अंधारात, चिखलात, एका हाताने स्वतःच्या मांडीला पट्टा आवळण्याची परीक्षा व्हावी. जखमेत जाळीची पट्टी ठासून रक्त थांबवण्याची व्हावी. बांधलेला पट्टा कधी आणि कसा सैल करायचा, याचीही व्हावी. जो नापास होईल त्याने कसम परेड करू नये. २०२२ पासून अग्निपथ योजनेत शिपाई चार वर्षांसाठी येतो आणि त्याचे मूळ प्रशिक्षण सहा महिन्यांच्या आसपास असते. योजनेच्या गुणदोषांवर भांडायला दुसरी जागा आहे. पण मुदत आखडली म्हणून रक्त थांबवण्याचा तास आखडला जाणार असेल, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही.

दुसरी मागणी: वैद्यकाची जबाबदारी डॉक्टरांच्या गळ्यातून काढून कमांडरच्या गळ्यात घाला. यात नवे काहीच नाही. १९४३ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमीमागे एकशेवीस माणसे आजारी म्हणून मागे पाठवावी लागत होती, मुख्यतः मलेरिया आणि हगवणीने. जनरल स्लिम यांनी मलेरियाच्या गोळ्या शिपायांच्या पोटात खरोखर जातात की नाही याच्या अचानक तपासण्या लावल्या, आणि ज्या पलटणीत प्रमाण पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली भरले, तिथल्या कमांडरला घरी पाठवले. तीनच जणांना घरी पाठवावे लागले; बाकीच्यांना अर्थ कळला. डॉक्टर तेच, गोळ्या त्याच. फरक पडला तो हुकुमाने. पुढे अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटने हेच केले. प्रत्येक शिपायाला शिकवले आणि त्याचा जाब कमांडरला विचारला. २००१ ते २०१० या काळात त्यांच्या ४१९ माणसांना लढाईत इजा झाली, ३२ गेली. पण इस्पितळापूर्वीच्या उपचारांत कसूर झाली म्हणून गेले असे एकही नाही. आपल्याकडेही ब्रिगेडियरच्या गोपनीय अहवालात 'तुमच्या माणसांपैकी किती जण रक्त थांबवू शकतात' हा रकाना असू द्या. मग बघा चक्रे कशी फिरतात.

तिसरी मागणी रक्ताची. जखमी रक्तापर्यंत पोहोचणार नसेल, तर रक्ताने जखमीपर्यंत गेले पाहिजे. १९३६-३७ साली स्पेनच्या यादवीत नॉर्मन बेथून या कॅनेडियन डॉक्टराने मोटारीतून रक्ताच्या बाटल्या आघाडीवर नेल्या. पुढे हाच बेथून चीनमध्ये गेला, शस्त्रक्रिया करताना बोट कापून जंतुदोषाने १९३९ साली गेला. आणि त्याच्या नावाने निघालेल्या इस्पितळाची धुरा कोणी वाहिली? सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. ना हेलिकॉप्टर, ना पुरेशी औषधे. आघाडी हलेल तसे इस्पितळ हलवायचे आणि जखमी येण्याची वाट न पाहता आपणच त्याच्याकडे जायचे, हा त्यांचा धर्म होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. आपण त्यांचे पुतळे उभारले, चित्रपट पाहिला. त्यांची कार्यपद्धती मात्र शिकायची राहून गेली. पुढचे युद्ध कोटणीसांच्या युद्धासारखे होणार आहे. पलटणीतल्या 'ओ' गटाच्या कोणकोणत्या जवानांचे रक्त दुसऱ्याला निर्धोकपणे चालेल, याची तपासणी शांततेच्या काळात करून ठेवता येते. म्हणजे खंदकातच माणसाचे रक्त माणसाला देता येते. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे औषध तर आपल्या आयाबहिणींना पाळीच्या त्रासासाठी डॉक्टर लिहून देतात तेच. २०१० साली चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींच्या चाचणीत ते जीव वाचवते असे दिसले; पण तीन तासांच्या आत दिले तरच. स्वस्त औषध आणि महाग वेळ, असा हा हिशेब आहे.

चौथी मागणी अशी, की फील्ड अँब्युलन्समधल्या नर्सिंग असिस्टंटला जखमी माणूस तीन-तीन दिवस सांभाळायला शिकवा. वेदना कशी शमवायची, लघवी किती झाली ते कसे मोजायचे, कूस कशी बदलायची, जखम कुजू नये म्हणून काय करायचे. हे परिचारिकेचे ज्ञान आहे, आणि 'बाईमाणसाचे काम' म्हणून ते कमी लेखण्याचा शहाणपणा आपल्याकडे मुबलक आहे. तो सोडावा लागेल.

पाचवी मागणी तुमच्या-माझ्या अंगणातली आहे. शांततेच्या काळात लष्करी सर्जनच्या हाताखालून हर्निया आणि अपेंडिक्स जातात. फाटलेली छाती त्याने शिकावी कुठे? त्याने लांब जायला नको. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. पुणे-बंगळूर महामार्ग बेळगावच्या कडेने जातो. तिथल्या अपघातातल्या जखमा युद्धातल्या जखमांच्या सख्ख्या बहिणी आहेत. लष्करी सर्जन आणि नर्सिंग असिस्टंट यांनी जिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात पाळ्या कराव्यात. त्यांचा हात बसेल आणि आपली माणसे वाचतील. उलट, मोठे युद्ध भडकलेच तर लष्करी खाटा दोन दिवसांत भरतील आणि जखमी आपल्याच जिल्ह्यांत उतरतील. कोणत्या रुग्णालयात किती, रक्त कोणाचे, भाजलेल्यांची सोय कुठे, याची यादी आज कोणापाशी आहे? आजही चंदगडचा रुग्ण राज्याची हद्द ओलांडून बेळगावात येतो. ही यादी करताना दोन राज्यांच्या फायली एकमेकींशी बोलल्या नाहीत, तर जखमी माणूस हद्दीवर पडून राहील. जखमेला राज्य नसते.

आता आक्षेप. पहिला: लढाईआधी स्ट्रेचर मोजणे म्हणजे अपशकुन, पराभूत वृत्ती. मी म्हणतो, उलट आहे. आपण पडलो तर कोणी उचलायला येईल, ही खात्री असलेला शिपाई पुढे सरसावतो. ती नसलेला मागे वळून पाहतो. दुसरा आक्षेप: उद्याचे युद्ध बटणांचे, त्यात जखमी कुठले? युक्रेनकडे बोट दाखवले की त्याचे उत्तर होते. बटणे वाढली, तशी खंदकांतली माणसेही वाढली.

तिसरा आक्षेप सज्जनांचा आहे, म्हणून तो मला टोचतो. ते म्हणतात, जखमा बऱ्या करण्याची चोख व्यवस्था म्हणजे युद्धाला मदतच. त्यापेक्षा युद्धच नको म्हणा. युद्ध नको, हे मीही म्हणतो. पण १८५९ साली सॉल्फेरिनोच्या रणावर तडफडणारी माणसे पाहून आँरी ड्यूनांने युद्धावर प्रवचन दिले नाही; आधी गावातल्या बायकांना हाताशी धरून जखमींना पाणी पाजले, आणि त्यातून रेड क्रॉस उभी राहिली. युद्ध पुकारण्याचा निर्णय खंदकातला मुलगा घेत नाही. ज्यांनी घेतला त्यांच्यावरचा राग त्याच्या उघड्या जखमेवर काढणे, याला शांततावाद म्हणत नाहीत. शिवाय दवाखान्यातल्या खाटांचा खरा हिशेब मांडला, की युद्धाची खरी किंमतही समोर येते. ती किंमत लपलेली असते, तेव्हाच रणगर्जना स्वस्त होतात.

पैशाचे म्हणाल, तर मागितले काय? पट्टा, जाळीची पट्टी, एक जुने औषध, रक्तगटाची तपासणी, शिक्षणाचे काही तास आणि एका अहवालातला एक रकाना. एका लढाऊ विमानाच्या किमतीत या साऱ्याची सोय लाखो जवानांसाठी होईल. खर्चाची अडचण नाही. अडचण आहे ती या गोष्टींची जाहिरात होत नाही याची.

निवडणुका येतात. उमेदवार हुतात्मा स्मारकावर फुले वाहतात, वीरमातांचे सत्कार करतात, जोरकस भाषणे ठोकतात. पुढच्या वेळी तो सत्काराला आला, की त्याला नम्रपणे विचारा: आमचा मुलगा पडला तर त्याचे रक्त किती मिनिटांत थांबेल, आणि कोण थांबवेल? उत्तर नसेल, तर हार परत घ्या. मेजिदिये बोटीवरच्या माणसांसाठी जाब विचारायला तेव्हा इथे कोणी नव्हते. राज्य परक्यांचे होते. आता राज्य आपले आहे, म्हणजे चूकही आपलीच असेल.